मिनियापोलिसमधलं सोमाली हॉटेल: केळं शेवटी नाही, भाताबरोबर खायचं

आधी केळ्याबद्दल सांगतो कारण पहिल्यांदा जाणारे बहुतेक तिथेच अडतात. ताटात वाफाळता केशरी रंगाचा भात, वर बोकडाच्या मटणाचा हाडासकट मोठा तुकडा आणि बाजूला अख्खं केळं, सालीसकट. मला वाटलं जेवणानंतरचं गोड असेल म्हणून बाजूला ठेवलं, तर ऑफिसमधला सोमाली मित्र म्हणाला अरे आत्ताच खायचं, भाताच्या घासाबरोबर एक तुकडा. खाल्लं आणि लगेच पटलं! हिरव्या मिरचीची झणझणीत चटणी असते, बसबास म्हणतात, ती जिभेवर चढली की केळं ती उतरवतं. शिकरण-पोळीवर वाढलेल्या माणसाला यात जड काहीच नाही.

हॉटेल मिनियापोलिसच्या सीडर-रिव्हरसाइड भागात आहे. अमेरिकेत सगळ्यात जास्त सोमाली लोक मिनेसोटात, म्हणजे या शहराच्या राज्यात राहतात, १९९१ ला तिकडे सोमालियात हुकूमशहा सियाद बारेचं सरकार पडून यादवी पेटली आणि त्यानंतर लोक इथे येत गेले, त्यामुळे हे हॉटेल टुरिस्टांसाठी नाहीये, त्यांच्या स्वतःच्या रोजच्या जेवणाचं आहे. आत शिरल्या शिरल्या ऊनसीचा वास येतो, म्हणजे धूप, मातीच्या छोट्या धुपाटण्यात निखाऱ्यावर टाकतात. जेवायच्या खोलीतच हात धुवायचं बेसिन, आपल्या खानावळीसारखं, कारण भात हातानेच खातात. चमचा मागितला तर देतात पण हातानेच खा.

भाताचं नाव बरीस. मसाला हवाश, त्यात जिरे, धणे, मिरी, वेलची, लवंग, दालचिनी, हळद, म्हणजे आपल्या मसाल्याच्या डब्यातलंच सगळं, पण तिखट त्यात नाही, तिखट बाहेरून बसबासने घ्यायचं. मटण इतकं मऊ की हाडापासून आपोआप सुटतं. बास्तो पण मागवला, हा त्यांचा पास्ता, सोमालियाचा दक्षिण भाग इटलीच्या ताब्यात होता तेव्हापासूनचा, त्याच्याबरोबरही केळं येतं आणि खरं सांगू तर मला तो भाताइतका आवडला नाही.

सकाळी गेलात तर अंजेरो घ्या. आंबवलेल्या पिठाचा, एकाच बाजूने भाजलेला, जाळीदार, आपल्या आंबोळीची सख्खी बहीण म्हणा. त्यावर तूप, साखर, काहीजण तिळाचं तेल घालतात, आणि चहाबरोबर खातात. चहाला शाह म्हणतात, वेलची दालचिनी घातलेला, साखर भरपूर, कमी पाहिजे असेल तर आधीच सांगा.

आणि चहा झाला म्हणून लगेच उठू नका. संध्याकाळी कोपऱ्यातल्या टेबलांवर बापेमंडळी सोमाली राजकारणावर तावातावाने बोलत असतात, मला वाटलं भांडण झालं, मित्र हसला, म्हणाला याला आमच्याकडे नावच आहे, फधी कु दिरिर, म्हणजे बसल्या जागी लढाई. मग विषय कवितेवर गेला. सोमाली भाषेला अधिकृत लिपी मिळाली १९७२ मध्ये, त्याआधी बहुतेक सगळं तोंडी, लांबलांब कविता पाठ आणि एका कवितेत शेवटपर्यंत एकाच अक्षराचा अनुप्रास सांभाळायचा. शेजारच्या टेबलावरच्या आजोबांनी हद्रावीच्या चार ओळी म्हणून दाखवल्या, हा त्यांचा फार मोठा कवी, २०२२ ला गेला. मला अर्थ कळला नाही पण तोच आवाज परत परत येऊन आदळत होता आणि अंगावर काटा आला.

वाढणाऱ्या बाईंना सगळे तरुण एद्दो म्हणतात, म्हणजे आत्या. मावशीला वेगळा शब्द, हबरयर, आणि मामाला अब्ती, काकाला अदेर, म्हणजे सगळ्यांना एकच अंकल आंटी नाही, आपल्यासारखीच नाती नीट वेगळी. एक आई तिच्या लहान मुलाला हाक मारत होती हूयो, हूयो. हूयो म्हणजे आई. आई मुलाला 'आई' म्हणते! मित्र म्हणाला, आमच्यात मोठी माणसं आपलंच नातं लहानाला हाक म्हणून देतात, बापही मुलाला आबो म्हणतो, म्हणजे बाबा. हे ऐकल्यापासून डोक्यातून जात नाहीये.

आता तक्रारी. ऑर्डर यायला चाळीस मिनिटं लागली आणि मेनूत कुठल्या पदार्थात काय आहे ते लिहिलेलं नाही. शाकाहारी लोकांना पर्याय कमी, त्यांनी अंबूलो विचारा, तासन्‌तास शिजवलेले लाल छोटे दाणे, चवळीसारखे, तूप साखर घालून. पण रोज नसतं, आधी फोन करा. शुक्रवारी दुपारी नमाजनंतर जागा मिळत नाही, रमजानमध्ये दिवसा जाऊ नका, संध्याकाळी जा. दारू मिळत नाही.

एका ताटात दोघांचं आरामात होतं म्हणून दोघांत एकच मागवा. निघताना हलवो घ्या, जायफळ वेलचीचा, चिकट, तुपकट. मी अर्धा किलो घेतला, घरी पोचेपर्यंत पाव उरला. पाचपैकी साडेचार.