नाशिकच्या थंडीत उभी स्पोर्ट्स कार : सीटेक एमएक्सएस ५.० आणि सोबत खपवलं जाणारं सामान

आधी निकाल सांगून टाकतो. गाडी तीन आठवड्यांपेक्षा जास्त उभी राहणार असेल तर सीटेकचा एमएक्सएस ५.० हा बॅटरी चार्जर घ्या, पैसे वसूल होतात. हवा खेळती ठेवणारं कव्हर घ्या. उंदरांचा बंदोबस्त करा. 'विंटर स्टोरेज' म्हणून ऑनलाइन जो भलामोठा संच विकला जातो, त्यातलं बाकीचं बहुतेक सामान युरोपातल्या बर्फासाठी आणि रस्त्यावर टाकलेल्या मिठासाठी आहे. गंगापूर रोडच्या बंगल्यात त्याचा काही उपयोग नाही.

खरं तर आपल्याकडे अशी गाडी झाकून ठेवायचा मोसम पावसाळा आहे. दिवाळी ते होळी हे दिवस चालवायचे. तरी हिवाळ्यात गाड्या उभ्या राहतात, कारण मालक मुंबईला किंवा परदेशात असतो, घरात लग्न निघतं, नाहीतर द्राक्षांच्या हंगामात रस्त्यावर इतके ट्रॅक्टर आणि इतकी ढेकळं असतात की साडेचार इंच क्लिअरन्सची गाडी बाहेर काढवत नाही. नाशिक शहरात पहाटे पारा ८ ते १२ अंशांवर येतो. निफाडकडे, कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रावर, तो आणखी खाली जातो आणि दर वर्षी बातमी होते. दुपारी मात्र २८-३० अंश. गाडीला त्रास होतो तो थंडीपेक्षा या चढउताराचा, पहाटेच्या दवाचा, धुळीचा, आणि बॅटरीतून गुपचूप गळणाऱ्या विजेचा.

गळतीचा हिशोब असा. लॉक केलेली आधुनिक गाडी झोपेतसुद्धा ३० ते ५० मिलिअँपिअर खाते. अलार्म, किल्लीचा रिसीव्हर, ट्रॅकर असं सगळं त्यात आलं. ५० धरले तर दिवसाला १.२ अँपिअर-तास, महिन्याला ३६. बॅटरी ७० अँपिअर-तासांची असेल तर महिन्यात निम्मी रिकामी. बाहेरून बसवलेला जीपीएस किंवा डॅशकॅम असेल तर त्याहून लवकर. बॅटरीचं व्होल्टेज १२.४ च्या खाली रेंगाळलं की प्लेटांवर सल्फेट धरायला लागतं आणि गेलेली क्षमता पुरती परत येत नाही. 'थंडीनं बॅटरी बसली' असं गॅरेजवाले म्हणतात, पण १० अंशांना बॅटरी बसत नाही. ती उन्हाळ्यात थकलेली असते आणि उभ्या उभ्या रिकामी होते.

एमएक्सएस ५.० हा स्वीडनच्या सीटेक कंपनीचा, १२ व्होल्टचा, जास्तीत जास्त ५ अँपिअर देणारा चार्जर. ११० अँपिअर-तासांपर्यंतची बॅटरी तो चार्ज करतो आणि १६० पर्यंतची भरलेली राखतो. वजन साधारण सहाशे ग्रॅम, धूळ-पाण्याचं संरक्षण आयपी ६५, म्हणजे धूळ आत जात नाही आणि पाण्याचे फवारे चालतात. पुढच्या पट्टीवर आठ दिवे, आठ टप्प्यांचे. पहिले चार चार्जिंगचे. पाचव्या टप्प्यावर तो थांबून बॅटरी चार्ज धरून ठेवते का ते बघतो. इथे बिघाड दाखवणारा दिवा लागला तर बहुतेक वेळा बॅटरीच गेलेली असते, चार्जरला दोष देऊ नका. सहावा टप्पा फक्त रिकाँड, म्हणजे पार उतरलेली बॅटरी सावरण्याच्या मोडमध्ये येतो. सातव्याला हिरवा दिवा लागतो आणि १३.६ व्होल्टवर दहा दिवसांपर्यंत फ्लोट, म्हणजे भरलेली बॅटरी स्थिर व्होल्टेजवर धरून ठेवणं चालतं. मग आठवा: व्होल्टेज १२.७ पर्यंत उतरू द्यायचं, मग छोटा झटका देऊन परत वर. या आठव्या टप्प्यावर तो महिनोन्महिने लावून ठेवता येतो. बाजारातला साधा ट्रान्सफॉर्मरवाला चार्जर असा सोडून दिला तर बॅटरीतलं पाणी उकळून संपवेल.

आता बटणाबद्दल, कारण सगळ्यात जास्त गोंधळ इथे होतो. मोडच्या बटणावर एक चित्र गाडीचं आहे आणि एक बर्फाच्या फुलाचं. हिवाळा आहे म्हणून लोक हटकून फुलावर नेतात. त्या मोडमध्ये १४.७ व्होल्ट जातात. तो एजीएम बॅटरीसाठी (जिच्यात आम्ल काचतंतूंच्या थरात शोषलेलं असतं) आणि ५ अंशांखालच्या चार्जिंगसाठी आहे. नाशिकच्या बंद गॅरेजमध्ये पारा ५ च्या खाली जात नाही, त्यामुळे इथे हवामान बघू नका, बॅटरीवरची चिठ्ठी बघा. एजीएम लिहिलं असेल तर फूल, साधी ओली बॅटरी असेल तर गाडी, म्हणजे १४.४ व्होल्ट. रिकाँडमध्ये व्होल्टेज १५.८ पर्यंत चढतं. तो खोल उतरलेल्या ओल्या बॅटरीसाठी आहे, तोही बॅटरी गाडीतून सोडवून वापरलेला बरा. पोर्शच्या काही जीटी मॉडेलांत लिथियम बॅटरी असते. तिला हा चार्जर लावायचाच नाही, त्यासाठी सीटेकचाच लिथियम एक्सएस वेगळा आहे.

जोडणी. डब्यात चिमटे येतात आणि बोल्टखाली कायमच्या बसवायच्या एम६ रिंगांची वायरही येते. रिंगाच बसवा, वायरचं टोक ग्रिलजवळ किंवा डिकीच्या कडेला बाहेर काढून ठेवा, म्हणजे दर वेळी झाकणं उघडायला नकोत. बीएमडब्ल्यूमध्ये बॅटरी डिकीत असते, पण चार्जिंगसाठी बॉनेटखाली वेगळी टोकं दिलेली असतात, ती वापरा. काळी वायर थेट बॅटरीच्या निगेटिव्ह टोकाला नको, बॉडीच्या अर्थ पॉइंटला लावायची. नाहीतर निगेटिव्हवरचा सेन्सर आत गेलेली वीज मोजत नाही आणि गाडी बॅटरी रिकामीच समजून वागते. पोर्श ९११ आणि ७१८ मध्ये बॅटरी पुढच्या डिकीत, आणि ती डिकी उघडते विजेवर. बॅटरी पूर्ण मेली की डिकी बंद, आणि डिकी बंद की बॅटरीला हात पोचत नाही! मग फ्यूज बॉक्समधलं लाल टोक बाहेर ओढून, दाराच्या लोखंडाला अर्थ देऊन ती उघडावी लागते. कोणत्या बाजूला, कसं, ते मॅन्युअलमध्ये आजच बघून ठेवा.

उणिवा आहेत. वायर आखूड आहे, मेन्सची आणि चार्जिंगची दोन्ही मिळून तीन मीटरच्या आतबाहेर. युरोपीय पिनचा चार्जर हाती आला तर ती पिन आपल्या सॉकेटमध्ये सैल बसते आणि ठिणग्या उडतात. स्वस्त अडॅप्टर घालण्यापेक्षा इलेक्ट्रिशियनकडून चांगला तीन पिनी प्लग लावून घ्या. एक गोष्ट मात्र आपल्या वीजपुरवठ्याला साजेशी: वीज जाऊन आली की आधी निवडलेला मोड तो स्वतःच पुन्हा सुरू करतो. महावितरणनं दुपारभर लाइन बंद ठेवली तरी कुणी येऊन बटण दाबायची गरज नाही.

सोसायटीच्या पार्किंगमध्ये अडचण वेगळीच. सॉकेट कॉमन मीटरवर असतं आणि सेक्रेटरी तयार होत नाहीत. त्यांना आकडा सांगा: निम्मी रिकामी झालेली ७० अँपिअर-तासांची बॅटरी पूर्ण भरायला अर्धा-पाऊण युनिट लागतं, त्यानंतर राखायला अगदी किरकोळ. तरीही नाहीच म्हणाले तर दहा नंबरचा पाना घेऊन निगेटिव्ह सोडवा. काचांचं सेटिंग आणि घड्याळ नंतर पुन्हा लावावं लागेल. पोर्श असेल तर पुढची डिकी मात्र लॉक होऊ देऊ नका, नुसती टेकवून ठेवा.

कव्हरकडे येऊ. चंदेरी, आतून रबरासारखा लेप असलेली 'वॉटरप्रूफ' कव्हरं सगळीकडे मिळतात. नाशिकच्या हिवाळ्यात तीच सगळ्यात वाईट. पहाटे पत्रा थंड असतो, ऊन चढलं की आतली दमट हवा त्यावर पाणी सोडते आणि ते पाणी कव्हरखालीच अडकतं. रंगावर पांढरट गोल डाग पडतात, ब्रेकच्या डिस्कवर गंज धरतो. बंद गॅरेजमध्ये ताणून बसणारं मऊ सुती कव्हर हवं. उघड्यावर उभी करायची असेल तर अनेक थरांचं न विणलेलं पॉलिप्रॉपिलीन, ज्यातून वाफ बाहेर जाते. तोंडाला लावून फुंकर मारा. पलीकडे हवा जाणवली तर घ्या, नाही जाणवली तर दुकानदाराला परत द्या. आणि धुळीनं भरलेल्या गाडीवर कव्हर चढवायचं नाही. कुंभमेळ्याच्या कामांनी शहरात जी खणाखणी चालू आहे तिची धूळ वाळूसारखी खरखरीत आहे, वाऱ्यानं कव्हर हललं की रंगावर कानशीच फिरते. धुवा, पूर्ण सुकवा, मगच झाका. धुतल्यावर दहा-पंधरा किलोमीटर चालवून ब्रेक कोरडे करा, नाहीतर पॅड डिस्कला चिकटतात आणि महिन्यानं गाडी काढताना 'टक्' आवाज होऊन पॅडचा थर डिस्कवर राहतो. हँडब्रेक ओढून ठेवायचा नाही, चाकांना लाकडी ठोकळे लावायचे. इलेक्ट्रॉनिक पार्किंग ब्रेक आपोआप लागत असेल तर तो सोडवून ठेवायची पद्धत मॅन्युअलमध्ये असते.

टायरखाली ठेवायचे वक्राकार फोमचे पाळणे संचात हमखास असतात. चार महिने उभी राहणार असेल तर ठीक. दीड-दोन महिन्यांसाठी हवा वाढवणं पुरतं: नेहमीची ३४-३६ पीएसआय असेल तर ४२-४४ करा, टायरच्या भिंतीवर लिहिलेल्या कमाल आकड्याच्या आत. अधूनमधून गाडी हातभर ढकलली तर उत्तम. थोडे दिवस उभं राहून आलेला चपटेपणा १५-२० किलोमीटर चालवलं की जातो. मात्र भरवीरला समृद्धीवर चढण्याआधी ती वाढवलेली हवा आठवणीनं उतरवा. हवा सकाळी, टायर थंड असताना मोजायची. तापमान ५-६ अंशांनी उतरलं की साधारण १ पीएसआय कमी होते, म्हणून दुपारी बरोबर भरलेली हवा पहाटे ३-४ नं कमी दिसते.

पेट्रोल. आता पंपावर ई २० मिळतं, म्हणजे २० टक्के इथेनॉल, आणि इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं. टाकी जवळजवळ पूर्ण भरून ठेवा, म्हणजे आत हवाच कमी राहते. दोन महिन्यांच्या आत गाडी निघणार असेल तर पेट्रोल टिकवणाऱ्या स्टॅबिलायझरची बाटली घ्यायची गरज नाही. तीन महिन्यांपुढे घ्या, भरतानाच टाका आणि दहा मिनिटं चालवा, म्हणजे ते इंजेक्टरपर्यंत पोचेल.

उंदीर हा मात्र खरा शत्रू. मखमलाबाद, आडगाव, गंगापूर रोडच्या पलीकडे शेतं मोकळी झाली की ते ऊब शोधत थेट गॅरेजमध्ये येतात. एअर फिल्टरच्या डब्यात घर करतात, वायरिंग कुरतडतात. एका हार्नेसच्या, म्हणजे वायरींच्या पूर्ण जुडग्याच्या खर्चात असे अनेक चार्जर येतील. पेपरमिंटचे स्प्रे काही दिवसांत उडून जातात, त्यांच्यावर विसंबू नका. विष तर ठेवूच नका, उंदीर एसीच्या डक्टमध्ये जाऊन मरतो आणि डॅशबोर्ड उतरवावा लागतो. पिंजरे आणि सापळे भिंतीच्या कडेनं लावा, चिकट पट्ट्या टायरजवळ ठेवा, आणि सायलेन्सरच्या तोंडात स्टीलच्या तारेचा बोळा घाला. बोळा घातला की लाल फडकं स्टीअरिंगला बांधायचं, म्हणजे सेल्फ मारण्याआधी तो काढायची आठवण राहते. गाडीत बिस्किटाचा चुरासुद्धा नको.

आणि ते 'वॉचमनला सांगून ठेवलंय, रोज पाच मिनिटं चालू करतो' हे आजच बंद करा. पाच मिनिटांत ऑइल तापत नाही. जळणातून आलेलं पाणी सायलेन्सरमध्ये साचतं, न जळलेलं पेट्रोल ऑइलमध्ये उतरतं, आणि सेल्फनं खाल्लेली वीजही भरून निघत नाही. चालवायची तर ऑइल ९० अंशांवर येईपर्यंत, म्हणजे अर्धा-पाऊण तास रस्त्यावर चालवा. नाहीतर हात लावू नका. उभी करण्याआधी ऑइल जुनं झालं असेल तर ते बदलून ठेवा. जुन्या ऑइलमधलं आम्ल आतल्या बेअरिंगांवर बसून राहतं.

चालवणाऱ्यांसाठी थोडकं. या गाड्यांना येणारे समर टायर ७ अंशांच्या आसपास कडक होतात. मिशलिनच्या पायलट स्पोर्ट कप २ सारखे ट्रॅकचे टायर तर त्याआधीच पकड सोडायला लागतात. पहाटे त्र्यंबक रोडला दव पडलेलं असतं, वर शेतातली माती. पहिले १५-२० किलोमीटर ट्रॅक्शन कंट्रोल चालू आणि पाय हलका. कांद्याचा ट्रॅक्टर मागच्या दिव्याशिवाय समोर येतो, तो धुक्यात ५० मीटरवरही दिसत नाही. सकाळी नऊनंतर निघा.

गाडी बाहेर काढताना क्रम असा ठेवा: चार्जर काढा, बोळा काढा, बॉनेट उघडून एअर फिल्टरचं झाकण बघा, हवा नेहमीच्या आकड्यावर आणा, ब्रेक पेडल दोनदा दाबून बघा, मग सेल्फ. पहिले काही ब्रेक हळू मारा, डिस्कवरचा गंज खरवडल्याचा आवाज येईल. दहा-वीस ब्रेकनंतरही तो गेला नाही तर डिस्क उघडून बघा.