व्हीपीएनची सर्व्हिस परत चालू करायची? विंडोजचं सर्व्हिसेस टूल पुरेसं आहे

विंडोजवर व्हीपीएनची बंद पडलेली सर्व्हिस, म्हणजे मागे गुपचूप चालणारा प्रोग्राम, परत चालू करायला कुठलंही रिपेअर सॉफ्टवेअर लागत नाही, विंडोजमध्येच असलेलं सर्व्हिसेस टूल भारी काम करतं. रनमध्ये (विंडोज की आणि आर एकत्र दाबा) services.msc टाका, उघडतं. माझ्याकडून ५ पैकी ४ स्टार.

माझ्याकडे झालं असं की पीसी फास्ट करून देणाऱ्या एका ॲपने नको त्या सर्व्हिसेस म्हणून ज्या बंद केल्या त्यात सिक्युअर सॉकेट टनेलिंग प्रोटोकॉल सर्व्हिस, म्हणजे एसएसटीपी या व्हीपीएन प्रकारवाली, पण डिसेबल करून टाकली. आता तुम्ही म्हणाल मी तर आयकेईव्ही२ हा दुसराच प्रकार वापरतो, मला एसएसटीपीशी काय करायचंय? करायचंय ना! रिमोट ॲक्सेस कनेक्शन मॅनेजर ही सर्व्हिस तिच्यावर अवलंबून आहे, ती उठलीच नाही की विंडोजचं बिल्ट-इन व्हीपीएन सगळंच ठप्प, एल२टीपी असो नाहीतर आयकेईव्ही२. आणि मॅनेजर स्टार्ट करायला जावं तर एरर १०६८, डिपेंडन्सी सर्व्हिस सुरू झाली नाही म्हणे, पण कुठली ते सांगतच नाही.

इथे डिपेंडन्सीज टॅब खरंच कामाला येतो. मॅनेजरवर डबल क्लिक करून तो टॅब उघडला की वरच्या चौकटीत ती कोणाकोणावर अवलंबून आहे ते दिसतं आणि खालच्या चौकटीत तिच्यावर कोण अवलंबून आहे ते. तिथून एसएसटीपीवालीचं नाव घ्यायचं, लिस्टमध्ये तिच्यावर जायचं, स्टार्टअप टाइप डिसेबल्डवरून मॅन्युअल करायचा आणि आधी अप्लाय दाबायचं, कारण तोपर्यंत स्टार्टचं बटण दबतच नाही, बरेच जण तिथेच अडकतात. मग स्टार्ट, मग मॅनेजर स्टार्ट, झालं. ऑटोमॅटिक करायची गरज नाही, हिचं मूळ सेटिंग मॅन्युअलच आहे, लागेल तेव्हा ती आपोआप उठते.

एक स्टार कापला तो यासाठी की डिफॉल्टवर परत न्यायचं बटणच नाही आणि आधी काय सेटिंग होतं तेही कुठे दिसत नाही. इतकी वर्षं झाली, एवढं तरी द्यायला हवं होतं राव. म्हणून लोक कुठून कुठून रजिस्ट्रीच्या (विंडोजची सेटिंग्ज जिथे साठवलेली असतात तिच्या) फाइली डाउनलोड करून चालवतात, प्लीज तसं करू नका, दुसऱ्या व्हर्जनची फाइल असली तर आहे ते पण बिघडेल. खरं तर रजिस्ट्रीत त्या सर्व्हिसच्या स्टार्ट नावाच्या व्हॅल्यूत ४ म्हणजे डिसेबल्ड आणि ३ म्हणजे मॅन्युअल, एवढाच खेळ आहे, आणि तो हे टूलच करून देतं.

सर्व्हिसची डीएलएल फाइलच, म्हणजे तिचा कोड असलेली फाइल, उडाली असेल तर मात्र हे टूल काही करू शकत नाही, तेव्हा ॲडमिन कमांड प्रॉम्प्टमध्ये sfc /scannow चालवा, ते बिघडलेल्या सिस्टीम फाइली दुरुस्त करतं. आणि ओपनव्हीपीएन किंवा वायरगार्ड वापरत असाल तर त्यांच्या सर्व्हिसेस वेगळ्या असतात, त्या याच लिस्टमध्ये त्यांच्या नावाने शोधा, नावच दिसत नसेल तर सरळ ते ॲप परत इन्स्टॉल करा.