पार्किन्सन्समध्ये पाय अडकतात तेव्हा: पट्ट्या, वॉकर आणि मेट्रोनोम, काही महिन्यांच्या वापरानंतर

पार्किन्सन्सच्या माणसाचे पाय चालता चालता जागीच अडकतात, तेव्हा पायातली ताकद गेलेली नसते. पाऊल आपसूक टाकायची मेंदूतली सवय अडलेली असते. म्हणून सपाट जमिनीवर थबकणारा माणूस जिना बरा चढतो. तिथं पुढची पायरी डोळ्यांना दिसते. मामांसाठी जे जे वापरून बघितलं, त्यात सगळ्यात स्वस्त वस्तू सगळ्यात जास्त उपयोगी पडली: जमिनीवरच्या पट्ट्या.

पट्ट्या चालायच्या दिशेला आडव्याच हव्यात. दोन इंची फ्लोअर मार्किंग टेप घ्या. वायरिंगची टेप फरशी पुसताना कडेनं सुटते आणि तीच कड पायात येते. पांढऱ्या टाइल्सवर लाल किंवा गडद निळी, काळसर शहाबादीवर पिवळी. लांबी दोन फूट पुरते. दोन पट्ट्यांतलं अंतर मात्र माणसागणिक वेगळं. पार्किन्सन्सवरची लेव्होडोपाची गोळी चांगली लागू असताना चालवून टाचेपासून टाचेपर्यंत मोजा, त्याहून किंचित जास्त ठेवा. मामांना ४५ सेंटिमीटर जमतं. ६० ला ढांग ताणून तोल जातो.

आधी फरशी स्पिरिटनं पुसून पूर्ण वाळवायची, टेपचे कोपरे गोल कापायचे आणि वाटीच्या बुडानं घासून दाबायचं. पेठांतल्या जुन्या घरांत खडबडीत शहाबादीवर टेप टिकतच नाही. तिथं मास्किंग टेप लावून ऑइल पेंटचे इंचभर पट्टे मारा आणि दिवसभर त्यावर कुणाला चालू देऊ नका. न्हाणीत हा रंग नकोच, ओला झाला की पाय सरकतो.

खरी अडचण उंबऱ्याची. अरुंद दारात पाय हमखास अडकतात, आणि पट्ट्या उंबऱ्यापाशी संपल्या तर माणूस नेमका तिथंच उभा राहतो. पलीकडंही दोन पट्ट्या पाहिजेतच, नजर त्यांच्यावर ठेवायची. पलंगापाशी वळायला पट्ट्या पंख्याच्या पात्यांसारख्या लावा, म्हणजे जागेवर गर्रकन न फिरता मोठा वळसा घेतला जातो. काही आठवड्यांनी डोळे सरावतात नि असर उतरतो. मग दर वेळी ‘मामा, पट्टी ओलांडा’ असं म्हणावं लागतं. त्या क्षणी दुसरं काही बोलायचं नाही, जेवणाचंसुद्धा विचारायचं नाही.

पाय अडकलाच तर हात धरून ओढू नका. धड पुढं येतं, पाय मागं राहतात आणि माणूस तोंडावर पडतो. बाजूला उभं राहून सांगा: थांबा, ताठ व्हा, वजन डावीकडं, उजवीकडं, परत डावीकडं, आता उजवा पाय उचला.

वॉकरमध्ये उचलून ठेवायचा चारपायी प्रकार घेऊ नका, प्रत्येक उचलीला चालण्याची लय तुटते. चारचाकी घेतला तर ब्रेकची दांडी दाबली तरच चालणारा आणि सोडल्यावर आपोआप थांबणारा बघा, नाहीतर पावलं घाईला आली की वॉकर पुढं पळतो. हात सरळ सोडल्यावर मनगट येतं तेवढीच मुठीची उंची ठेवा. घ्यायच्या आधी दाराची रुंदी मोजा. छोटी चाकं उंबऱ्याला अडतात, आठ इंची बरी.

फोनवरचा मेट्रोनोम, म्हणजे ठरावीक ठेक्यात टकटक वाजणारं ॲप, वळणावर फारसा चालत नाही, कोल्हापुरातल्या रंकाळा तळ्याच्या सरळ वाटेवर चांगला चालतो. आधी मिनिटाला किती पावलं पडतात ते मोजा, ठेका तेवढाच किंवा दहा टक्के कमी ठेवा. वाढवला की पावलं बारीक होऊन धावतात.

कोल्हापुरी चप्पल मात्र बंद करा, मन कितीही राजी नसलं तरी. मागं पट्टा नाही आणि चामड्याचा तळ टाइल्सवर घसरतो. अगदी पकड घेणारा रबरी तळही नको, घासत टाकलेलं पाऊल तिथंच अडतं.

आणि लेव्होडोपाची गोळी दुधाबरोबर देऊ नका. गंगावेशीतलं धारोष्ण दूध असो की पांढऱ्या रश्श्याबरोबरचं मटण, प्रथिनांमुळं गोळीचं शोषण अडतं. जेवणाआधी अर्धा-पाऊण तास पाण्याबरोबर द्यावी. रिकाम्या पोटी मळमळ होत असेल तर कोरडं बिस्किट चालतं. डोस आणि वेळ बदलायची ती न्यूरॉलॉजिस्टला विचारूनच.