पतसंस्थेने क्वांटमचं यंत्र घ्यावं का?

नवी पेठेतल्या एका पतसंस्थेचे संचालक, नात्याने माझे काका, परवा म्हणाले, "क्वांटम कॉम्प्युटर आला की आपली सगळी कुलपं उघडणार म्हणतात. मग ते क्वांटमवालं यंत्र घेऊनच टाकू का?" मुख्य कार्यालय सोलापुरात, बॅकअप पुण्यात, मधे साधारण अडीचशे किलोमीटर.

भीती अगदीच खोटी नाही. असा कॉम्प्युटर पुरेसा मोठा झाला तर आरएसए, म्हणजे आज इंटरनेटवर सर्रास वापरलं जाणारं गणिती कुलूप, मोडेल, हे गणितज्ञ पीटर शोर यांनी १९९४ मध्येच दाखवलं. तेवढा मोठा अजून बनलेला नाही. पण आज चोरून साठवलेला डेटा तेव्हा उघडता येईल, खरी गोम ती आहे.

काका म्हणतात तो मार्ग, क्वांटम की डिस्ट्रिब्युशन, म्हणजे प्रकाशाच्या कणांतून गुप्त किल्ली पोचवणं, बेनेट आणि ब्रासार्ड या शास्त्रज्ञांनी १९८४ मध्ये मांडला. तोही बंगळुरूच्या परिषदेत. त्यातून फक्त किल्ली जाते, डेटा नेहमीच्याच लाइनने. एकेक फोटॉन, म्हणजे प्रकाशाचा कण, उभा, आडवा किंवा दोनपैकी एका बाजूला तिरपा करून पाठवायचा; प्रत्येक दिशा म्हणजे किल्लीतला ० किंवा १. आपल्याकडच्या माणसाला ताणा-बाणा सांगायला नको! घेणारा अंदाजाने सरळ किंवा तिरपी चौकट लावून तो मोजतो. नंतर दोघं उघडपणे फक्त चौकटी जुळवतात आणि जुळल्या तेवढेच आकडे ठेवतात. मधल्या चोराने प्रत्येक फोटॉन मोजून पुढे पाठवला, तर ठेवलेल्यांतले चारात एक चुकतात आणि चोरी लगेच कळते. मला तरी यापेक्षा देखणी युक्ती माहीत नाही.

घोडं पेंड खातं ते अंतरावर. चांगल्या फायबरमध्येही १०० किलोमीटरवर शंभरातला एकच फोटॉन पोचतो, अडीचशेवर लाखात एक. नेहमीचा अँप्लिफायर चालत नाही, कारण फोटॉनची हुबेहूब नक्कल करता येत नाही. डीआरडीओ आणि आयआयटी दिल्लीने २०२२ मध्ये प्रयागराज ते विंध्याचल करून दाखवलं, तेही शंभरेक किलोमीटरच. म्हणजे पुण्याला जाताना मासे खायला भिगवणला थांबतो, तसे किल्लीलाही दोन थांबे लागणार, आणि थांब्यावर ती उघडी होणार. शिवाय पलीकडे खरंच आपलाच माणूस आहे याची खात्री हे यंत्र देत नाही. ती वेगळी करावी लागते.

दुसरा मार्ग पोस्ट-क्वांटम क्रिप्टोग्राफी, म्हणजे क्वांटम कॉम्प्युटरलाही उघडू नयेत अशी कुलपं. नवं गणित, जुनीच केबल. अमेरिकेच्या निस्ट या मानकं ठरवणाऱ्या संस्थेने ऑगस्ट २०२४ मध्ये पहिली तीन मानकं जाहीर केली. क्रोममध्ये त्यातलं एमएल-केम, म्हणजे किल्ली ठरवायचं मानक, चालू आहेसुद्धा. किल्ली ३२ बाइटवरून ११८४ वर जाते, तेवढं सोसतं. उणीव एकच: उद्या कुणी हे गणितही फोडलं तर? म्हणून सध्या जुनं आणि नवं जोडीने लावतात.

काकांना मी हा दुसरा मार्गच सांगितला. आधी पुण्याची बॅकअप लाइन, मग बाकीचं. यंत्र विकायला येणाऱ्याला मात्र बसवून चहा पाजा म्हटलं आणि विचारा, "टेंभुर्णीच्या थांब्यावरच्या खोलीचं कुलूप कोणाच्या ताब्यात?"