रिब्लेट फिल्म: घ्यावी, पण वेगाचं गणित मांडूनच

‘शार्क-स्किन’ नावाने ओळखली जाणारी ही चिकट फिल्म घर्षण कमी करण्यासाठी नावेच्या किंवा विमानाच्या पृष्ठभागावर लावतात. दिसायला ती मॅट स्टिकरसारखीच असते. फरक भिंगाखाली कळतो: प्रवाहाच्या दिशेने जाणारे बारीक, एकसारखे कंगोरे, म्हणजेच रिब्लेट. फिल्म खरोखर काम करते. पण कोणत्याही वेगाला कोणतीही फिल्म चालत नाही, आणि खरेदीत चूक होते ती इथेच.

भिंतीलगतच्या, म्हणजे पृष्ठभागाला चिकटून वाहणाऱ्या टर्ब्युलंट (खळबळत्या) प्रवाहात लांबट भोवरे फिरतात आणि वरचा वेगवान थर खाली भिंतीकडे ओढून आणतात. घर्षण त्यामुळे वाढतं. कंगोरे ही आडवी हालचाल अडवतात. खाचांच्या तळाशी प्रवाह संथ राहतो आणि जोराचा घासा फक्त टोकांना बसतो. म्हणून क्षेत्रफळ वाढूनही ड्रॅग (प्रवाहाचा मागे ओढणारा रोध) घटतो. प्रयोगशाळेत करवतीच्या दातांसारख्या खाचांनी सुमारे 5 टक्के, तर पातळ पात्यांसारख्या कंगोऱ्यांनी जवळपास 10 टक्के घर्षण कमी झालेलं आहे. टोकं जितकी धारदार, तितका फायदा. गुळगुळीत झालेल्या टोकांची फिल्म घेऊ नका.

आता मुख्य गणित. प्रवाहाचा वेग गुणिले (घर्षण गुणांक ÷ 2) चं वर्गमूळ, हा घर्षणवेग. द्रवाची कायनेमॅटिक व्हिस्कॉसिटी (घनतेने भागलेला चिकटपणा) त्याने भागा आणि 15 ने गुणा. हे झालं कंगोऱ्यांमधलं योग्य अंतर. पाण्यात 2 मीटर प्रतिसेकंद वेग आणि गुणांक 0.003 धरला, तर अंतर येतं साधारण 0.19 मिमी. 4 मीटरला 0.1 मिमी. हीच 0.1 मिमीची फिल्म 8 मीटर वेगाला लावली तर हा गुणक 15 ऐवजी 30 च्या आसपास जातो आणि फायदा जवळपास संपतो. त्याहून पुढे ड्रॅग उलट वाढतो. वेग सतत बदलत असेल, तर ही फिल्म तुमच्यासाठी नाही.

लावताना पृष्ठभाग आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून पूर्ण कोरडा करा. कंगोरे आणि प्रवाह यांच्यातला कोन 10 अंशांच्या आत ठेवा. 30 अंशांपर्यंत गेला की फायदा उरत नाही. फेल्ट लावलेली स्क्वीजी (फिल्म दाबून बसवायची पट्टी) कंगोऱ्यांच्या लांबीनेच फिरवा, आडवी नको. तुकडे एकमेकांवर चढवू नका. प्रवाहाला सामोरी येणारी कड सील केली नाही तर आधी तीच उचकटते. आणि मेण-पॉलिश कधीच नाही, खाचा भरून जातात.

पाण्यातला खरा शत्रू शेवाळी थर. नाव कायम पाण्यात उभी राहत असेल तर काही दिवसांत कंगोरे बुजतात, मग मिळते ती फक्त खडबडीत भिंत. शर्यतीसाठी विचार करत असाल, तर शिडाच्या नौकांच्या नियमावलीचा 53 वा नियम असा खास पोत असलेला पृष्ठभाग वापरू देत नाही. 1987 च्या अमेरिका कप नौकाशर्यतीत ‘स्टार्स अँड स्ट्राइप्स’ या नौकेने रिब्लेट वापरले होते, त्याचा दाखला आता उपयोगाचा नाही.

विमानात चित्र बरंच चांगलं आहे. लुफ्थान्झा टेक्निक आणि बीएएसएफ यांच्या एरोशार्क फिल्मचे कंगोरे सुमारे 50 मायक्रॉनचे. बोइंग 777-300ईआरवर सुमारे 950 चौरस मीटर फिल्म लावून इंधनबचत साधारण 1.1 टक्के सांगितली जाते. आकडा लहान वाटतो, पण हिशेबाला धरून आहे: घर्षण एकूण ड्रॅगच्या निम्मं, त्यातला 60 टक्के भाग झाकलेला आणि घट 6 टक्के धरली, तरी एकूण 1.8 टक्केच होतात. 10 टक्के इंधन वाचेल असं सांगणाऱ्या विक्रेत्याकडे आधी हाच हिशेब मागा.