चितारआळीत घडलेली लेलिवा
सुनेचं माहेर पोलंडमधलं टार्नुव. त्या शहराच्या चिन्हातच लेलिवा, म्हणजे तिकडच्या अनेक सरदार घराण्यांचं मिळून एकच असलेलं कुलचिन्ह, आहे: निळ्या ढालीवर सोनेरी चंद्रकोर, तिच्यावर सहा टोकांचा तारा. तेच चिन्ह सावंतवाडीच्या चितारआळीतल्या एका दुकानातून लाकडात करून घेतलं. दुकानातल्या कारागीर काकांनी आधी तारा पाच टोकांचा कोरला. दाखवल्यावर कुरकुर न करता नवा करून दिला.

एकच ढाल इतक्या घराण्यांची कशी, त्यांनी विचारलं. तिकडची रीतच तशी. टार्नोव्स्की, सिएन्याव्स्की, दोघांचीही लेलिवाच. १५३१ साली ओबेर्तिनची लढाई जिंकणारा सेनापती यान टार्नोव्स्की याच चिन्हाचा. "म्हणजे आपल्या देवकासारखं," काका म्हणाले. मला फार पटलं.

निळा रंग तर अप्रतिम! पंधरा दिवस लागले. चतुर्थीच्या तोंडावर मात्र काम देऊ नका, तेव्हा त्यांना उसंत नसते.