बॉनेट गरम होतं, आणि मला त्याचा अर्थ कळला नाही

हे लिहायला मी दीड वर्ष लावलं. ज्यांच्या ओळखीतून हा जुन्या ट्रॅक्टरचा व्यवहार झाला ते माझे दाजी. त्यांना वाईट वाटू नये म्हणून घरात कुणी हा विषयच काढत नव्हतं. गेल्या महिन्यात ते स्वतःच म्हणाले, "माझं नाव तेवढं सोड आणि बाकीचं सगळं लिही. आणखी कुणाच्या घरातलं सोनं तरी वाचंल."

आमचं गाव बेळगाव-वेंगुर्ला रस्त्याच्या आत, शिनोळीच्या अलीकडे. शिनोळी आली की चंदगड तालुका सुरू, म्हणजे महाराष्ट्र. शेत साडेतीन एकर. खाली भात, वर माळाला बटाटा नाहीतर रताळी. भाड्याचा ट्रॅक्टर वर्षभर मिळतो, पण रोहिणी-मृगाच्या तोंडाला सगळ्या गावाला तो एकाच आठवड्यात हवा असतो. 2022 साली पहिला चांगला पाऊस माझ्या डोळ्यांदेखत गेला, वाफसा, म्हणजे मशागतीला लागते ती नेमकी ओल, निघून गेला आणि ट्रॅक्टर आला चौथ्या दिवशी. तेव्हाच ठरवलं, जुना का होईना, पण आपला घ्यायचा. नव्याचे हप्ते झेपणार नव्हते. आईच्या पाटल्या सोसायटीत गहाण ठेवल्या, थोडे साठवलेले होते, असे पावणेतीन लाख जमले.

एप्रिल 2023 मध्ये दाजींच्या ओळखीच्या एका एजंटानं सीमेपलीकडच्या एका गावातला ट्रॅक्टर दाखवला. चार सिलेंडर, 45 एचपीच्या आसपासचा, कोल्हापूर पासिंग, एमएच 09. कागदावर 2009 ची नोंदणी. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण दोष कंपनीचा नव्हताच. त्याच मॉडेलचा ट्रॅक्टर आमच्या गावात दुसऱ्या एकाकडे आहे आणि अजून ताठ मानेनं चालतोय.

आम्ही पोचलो तेव्हा अकरा वाजले होते. ट्रॅक्टर अंगणात, सावलीत उभा. रंग नवा, टायरना काळं पॉलिश मारलेलं. एजंटानं बॉनेट उघडलं, मी हात टेकवला तर इंजिन गरम. "आत्ताच शेतातनं आणलाय पावणं, कामाचा गाडा हाय," असं त्यानं सांगितलं आणि मला ते बरं वाटलं. चालू गाडी आहे, पडून राहिलेली नाही, असा मी हिशेब केला. चाकांना माती मात्र कुठेच नव्हती. शेतातनं आलेल्या ट्रॅक्टरच्या चाकाला पॉलिश कसं, हे तेव्हा विचारायला हवं होतं.

चावी फिरवली आणि पहिल्या टिचकीला इंजिन चालू. धूर नावाला. ऑइलचा दाब दाखवणाऱ्या घड्याळाचा काटा छान वर. डिपस्टिक ओढून बघितली तर ऑइल मधासारखं स्वच्छ. "बघा, कसा ठेवलाय." मी मान डोलावली. डिझेल इंजिनमध्ये ऑइल काही तासांतच काळं पडतं, चौदा वर्षांच्या इंजिनात तर फारच लवकर. मधासारखं ऑइल दिसलं याचा अर्थ ते काल रात्री नाहीतर आज सकाळीच ओतलंय. बदललं यात वाईट काही नाही. पण विकायच्या दिवशीच का बदललं, आणि काय ओतलं, हे मला सुचलं नाही.

मीटरवर तीन हजार चारशे तास दिसत होते. क्लच आणि ब्रेकच्या पायट्यांवर (पेडलांवर) नवं रबर होतं. ते रबर बघून मी खूश झालो, पण पायटा हातानं हलवून बघितला असता तर पिनेचं भोक झिजून लांबट झालेलं लगेच कळलं असतं. जुन्या ट्रॅक्टरचा मीटर केबलवर चालतो. केबल तुटली की थांबतो, आणि पाचशे-हजारात दुसरा बसवता येतो. पायट्याच्या पिनेला, स्टिअरिंगच्या चाकाला, मागच्या हूकला तसं करता येत नाही. आमच्या ट्रॅक्टरचा हूक आतून घासून इतका पातळ झाला होता की त्यानं किती गळीत हंगाम ओढले असतील ते हूकच सांगत होता. निपाणी, चिक्कोडी, अथणीकडं आणि तिकडं कागल-गडहिंग्लजकडं एकामागं दोन ट्रॉल्या ऊस भरून ओढणारे ट्रॅक्टर आपण रोज बघतो. त्या कामानं क्लच, गियर आणि मागचं हाउसिंग खातं. हे मला माहीत होतं. तरी मी हूक बघितला नाही, रंग बघितला.

रस्त्यावर रिकामा फिरवून बघितला, सपाटीला. मशागतीचं अवजार, कल्टिवेटर, जोडून ते उचलणारी मागची लिफ्ट वर-खाली करून दाखवली, दोन मिनिटं. मी नांगर लावून दहा गुंठे फिरवूया म्हटलं तर एजंट म्हणाला, "मालकाचं रान आत्ताच भिजवलंय, उद्या या. पण उद्या सकाळी कुडाळचं गिऱ्हाईक येतंय, त्यानं पैसे तयार ठेवल्यात." दाजी माझ्याकडं बघायला लागले. मी वीस हजार टोकन दिलं. दोन लाख साठ हजाराला ठरला.

घरी आणल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता सेल्फ मारला. इंजिन फिरतंय, पण पेटत नाही. बॅटरी उतरेपर्यंत मारला. शेवटी चौघांनी ढकलून उतारावर नेला आणि गियरवर चालू केला. मग जो धूर निघाला तो गोठ्यात शिरला, म्हशी दावं तोडायला लागल्या. पंधरा मिनिटांनी धूर कमी झाला आणि ट्रॅक्टर काल बघितला तसाच शहाण्यासारखा चालायला लागला. त्या सकाळी मला कळलं की आम्ही यायच्या आधी त्यांनी तो अर्धा-पाऊण तास चालवून ठेवला होता. पिस्टनच्या रिंगा आणि पिस्टन ज्यात फिरतो तो लायनर झिजले की कॉम्प्रेशन, म्हणजे आतल्या हवेवरचा दाब, कमी पडतो. थंड इंजिनात डिझेल पेटेल इतकी हवा तापत नाही. गरम इंजिनात मात्र तोच दोष झाकला जातो.

वीस-बावीस तासांत तीन लिटर ऑइल संपलं. गावातल्या मेस्त्रींना बोलावलं. त्यांनी इंजिन चालू ठेवून ऑइल ओतायचं झाकण काढलं आणि त्या तोंडावर तळहात धरला. "हात लाव, पोरा." मी लावला. आतून धडधड वाफ येत होती, हात ढकलत होती. "बॅक माराय लागलंय. पिस्टनच्या वरचा दाब रिंगांच्या बाजूनं खाली उतरतोय." मग डिपस्टिकचं ऑइल दोन बोटांत चोळून ताणलं. धागा निघाला. "ह्यात गियरचं ऑइल घातलंय. नव्वद नंबरचं. ह्यानं धूर दबतो आणि काटा वर राहतो." आमच्या इंजिनला पंधरा-चाळीसचं (15W-40) ऑइल लागतं, नंबर डब्यावर लिहिलेला असतो. जाड ऑइल घालून झिजलेल्या बेअरिंगमध्ये दाब धरून ठेवता येतो, पण थोडेच दिवस. थंड असताना ते वरपर्यंत पोचायला वेळ लावतं, म्हणजे झीज आणखी वाढते.

रेडिएटरचं झाकण उघडलं तर पाणी पिवळसर आणि तळाला गाळ. मी कूलंट समजलो होतो. मेस्त्रींनी वास घेतला आणि माझ्यासमोर धरलं. हळद होती. गळका रेडिएटर तात्पुरता बंद करायला हळद टाकतात हे आपल्याकडं सगळ्यांना माहीत आहे. माझ्या नाकाला ती त्या दिवशी कशी कळली नाही, याचं मला अजून दुःख आहे. क्लचच्या हाउसिंगला खालून तडा होता, त्यात लांबी भरून वर रंग मारलेला. रंग नवा असेल तर नटबोल्ट बघा, असं मेस्त्री म्हणाले. रंग मारल्यावर पाना लागला की डोक्याचा रंग सोलतो, आणि रबरी पाइपांवर रंगाचे शिंतोडे असतील तर तो घाईत मारलेला असतो. आमच्या ट्रॅक्टरच्या ग्रीस भरायच्या तोंडांवर, निपलांवरसुद्धा रंग होता. त्या निपलांतून ग्रीस गेल्याला किती दिवस झाले असतील ते बघा.

याहून वाईट गोष्ट मे महिन्यात झाली. शेणखतानं भरलेली ट्रॉली घेऊन मी नदीकडच्या उतारावर तिसऱ्या गियरमध्ये होतो. अचानक गियरचा दांडा हातातून उडाला आणि गियर सुटला. ट्रॉलीनं ट्रॅक्टरला पुढं ढकललं. ब्रेक एका बाजूनंच धरत होता, कारण मागच्या ॲक्सलचं सील गळून ऑइल ब्रेकपर्यंत गेलं होतं. मी बांधाला चाक घातलं म्हणून थांबलो. ट्रॉलीवर माझा पुतण्या बसला होता, बारा वर्षांचा. त्या रात्री मला झोप लागली नाही. पैसे बुडाले याचा राग एकीकडं आणि तो उतार एकीकडं. रिकाम्या ट्रॅक्टरचा गियर सपाटीला सहसा सुटत नाही. वजन मागून ढकलायला लागतं तेव्हा झिजलेले दाते सरकतात. म्हणून भरलेली ट्रॉली आणि उतार, हे दोन्ही मिळाल्याशिवाय गियरबॉक्स बघितला असं म्हणू नका.

इंजिन उघडलं. क्रँक, म्हणजे पिस्टननं फिरणारा इंजिनचा मुख्य दांडा, बेळगावच्या उद्यमबागेत लेथवर नेला. तिथल्या मेस्त्रींनी क्रँकभोवतीचे जुने बेअरिंग शेल उलटे करून पाठीवरचा आकडा दाखवला, 040. म्हणजे क्रँक आधीच चाळीस थाऊपर्यंत (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग) घासलेला. आमच्या इंजिनला त्याच्या पुढचे शेल मिळत नाहीत, नवा क्रँकच घ्यावा लागला. लायनर, पिस्टन, रिंगा, वॉल्व्ह, पंपाचं काम, क्लच, तिसऱ्या गियरची जोडी, सीलं. सगळे मिळून एक लाख आठ हजार. तडा गेलेल्या हाउसिंगला वेल्डिंग केलं, ते पुढं काय करेल सांगता येत नाही.

एजंटाला फोन केला. पहिले दोन दिवस तो गोड बोलला. मग म्हणाला, "जुनी वस्तू बघून घेतलीसा, आम्ही काय जबरदस्ती केली?" मूळ मालकाचा पत्ता काढला तेव्हा कागदाचं प्रकरण बाहेर आलं. ज्यानं अंगणात उभं राहून आमच्याकडनं पैसे घेतले तो मालक नव्हताच. त्यानं तो ट्रॅक्टर शंभर रुपयांच्या स्टॅम्पवर दुसऱ्याकडनं घेतला होता. आरसीवर, म्हणजे नोंदणीच्या कागदावर, फायनान्सचा बोजा होता, गाडी कर्जाला तारण होती. मला दाखवलेल्या झेरॉक्सवर ती ओळ नीट उठलीच नव्हती आणि मूळ आरसी "घरात हाय, देतो" म्हणून राहिली. मला गाडी नावावर करायचे फॉर्म 29 आणि 30 सह्या करून दिले होते, तेवढ्यावर मी निश्चिंत.

पण गाडी कोल्हापूरहून बेळगावला, केए 22 वर आणायची तर कोल्हापूरच्या आरटीओची ना-हरकत (एनओसी) लागते, फॉर्म 28. बोजा असेल तर फायनान्सवाल्यांच्या संमतीशिवाय ती मिळत नाही. बोजा उतरवायला फॉर्म 35 वर त्यांची सही लागते, आणि ते सही कर्ज फिटल्यावरच करतात. कर्ज फिटलेलं नव्हतं. त्यात पंधरा वर्षांची नोंदणी 2024 मध्ये संपत होती. नूतनीकरण करायचं तर गाडी आधी माझ्या नावावर हवी. शेवटी मूळ मालक, बिचारा साधा माणूस, माझ्याबरोबर फायनान्सच्या कचेरीत आला. राहिलेले एकतीस हजार मी भरले आणि तेव्हा कुठं कागद हलले. तो माणूस आला नसता तर ट्रॅक्टर आजही गोठ्याच्या बाजूला उभा असता.

परिवहन खात्याच्या साइटवर गाडीचा नंबर टाकला की बोजा आहे का, नोंदणी कधीपर्यंत आहे, हे मोबाइलवर दिसतं. मी टोकन द्यायच्या आधी पाच मिनिटं काढली नाहीत. चॅसीचा नंबरसुद्धा तिथंच उभं राहून बघा. रंग चढलेला असेल तर रॉकेलच्या फडक्यानं पुसा, वर कागद ठेवून पेन्सिल घासा, ठसा उठतो. तो मूळ आरसीशी अक्षर-अक्षर जुळवा. मूळ आरसी हातात नसेल तर एक रुपयासुद्धा देऊ नका, ओळख कुणाचीही असो. आमच्याकडं "पावण्यांत व्यवहार" म्हटलं की माणूस कागद मागायला लाजतो. मी लाजलो.

गेल्या दिवाळीनंतर शेजारच्या काकांना ट्रॅक्टर घ्यायचा होता. त्यांच्याबरोबर मी दोन ठिकाणी गेलो. पहिल्या ठिकाणी न सांगता सकाळी साडेसहाला पोचलो. इंजिनला हात लावला, कोमट. रात्रीच्या थंडीनंतर कोमट. काकांना खूण केली आणि चहा न घेताच निघालो.

दुसरं ठिकाण काकतीच्या बाजूला. म्हातारे आजोबा घोंगडं पांघरून बाहेर आले. इंजिन गार दगडासारखं. सेल्फ मारला, तिसऱ्या दमात चालू झालं, पांढरा धूर क्षणभर आणि मग साफ. ऑइल काळं, पण पातळ आणि पातळीला. झाकण काढून हात धरला, मंद वारा. आजोबांनी स्वतःहून भरलेली ट्रॉली जोडू दिली, उताराला नेऊ दिलं. परत आल्यावर कल्टिवेटर वर उचलून इंजिन बंद केलं आणि आम्ही बघत बसलो. ते म्हणाले, "थांबा, लपवत न्हाई. पंधरा मिन्टांत खाली बसतंय बघा. सील गेलंय लिफ्टचं." खरंच बसलं.

काकांनी तोच घेतला. सील बदलायला मजुरीसकट अडीच हजार लागले.